पाकीट उलटं करा: किराणा भरताना फूड लेबल कोणत्या क्रमाने वाचायचं

ठाण्यात कुठल्याही सोसायटीत विचारा, "आम्ही लेबल बघूनच घेतो" हेच ऐकू येतं. मग काय बघता विचारलं की उत्तर येतं, एक्सपायरी आणि कॅलरी. बस. एवढं बघून मीठ, साखर आणि पामतेलाने भरलेलं पाकीट आरामात घरी येतं, वर समाधान असतं की बघून आणलंय. गडबड होते ती क्रमात. पुढच्या बाजूचं 'मल्टिग्रेन' वाचून मन आधीच ठरलेलं असतं आणि मग मागे जे काही दिसेल ते त्या मताला कसंबसं बसवून घेतलं जातं. म्हणून खालच्या क्रमानेच जा, आणि पुढची बाजू पाचव्या पायरीपर्यंत वाचायचीच नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. घरात कुणाला डायबेटिस, किडनीचा त्रास, हाय बीपी असेल तर डॉक्टरांनी किंवा डाएटिशियनने दिलेले आकडे पहिले, इथले नंतर.

आधी तयारी, आणि ती घरी

दुकानात शिकायला जाऊ नका. रविवारी संध्याकाळी घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सुपरमार्केटात ट्रॉलीला ट्रॉली लागलेली असते, मागून कुणीतरी "जरा सरकता का" म्हणत असतं, पोरगं चॉकलेटच्या रॅकपाशी बसकण मारून असतं, अशा वेळी सोडियम कुणाच्या बापाला वाचता येत नाही. पहिली प्रॅक्टिस आपल्याच किचनच्या कपाटातल्या पाकिटांवर करा. पाच-सहा बाहेर काढा: बिस्किटं, फरसाण, इन्स्टंट नूडल्स, केचप, मुलांच्या दुधात घालायची पावडर आणि एखादं असं पाकीट जे घरात 'हेल्दी' म्हणून आणलंय. शेवटचं विसरू नका, खरी मजा त्यातच आहे.

सोबत मोबाईल ठेवा, कारण अक्षरं इतकी बारीक असतात की फोटो काढून झूम करणं सगळ्यात सोपं. किचनचा छोटा वजनकाटा असेल तर उत्तम, नसेल तर शेजारच्या केक करणाऱ्या वहिनींकडून तासाभरासाठी आणा, त्यांच्याकडे असतोच. चकचकीत चंदेरी पाकिटावर पांढरी अक्षरं असतील तर ट्यूबलाइटखाली तिरकं धरा. आणि पाकिटाच्या मागे जी उभी चिकटवलेली पट्टी असते ना, तिच्याखाली घटकांची एखादी ओळ दबून बसलेली असते, ती पट्टी बोटाने उचलून बघायची.

आता एका कागदावर हे आकडे लिहा आणि फ्रिजला लावा, मोबाईलमध्ये फोटोही ठेवा:

- ऊर्जा: २००० किलोकॅलरी
- एकूण फॅट: ६७ ग्रॅम
- सॅच्युरेटेड फॅट: २२ ग्रॅम
- ट्रान्स फॅट: २ ग्रॅम
- ॲडेड शुगर: ५० ग्रॅम
- सोडियम: २००० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ

हे एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या लेबलिंग नियमांमधले आकडे आहेत, सरासरी प्रौढ माणसाला एका दिवसासाठी. पाकिटावर 'आरडीए' (दिवसाला शिफारस केलेलं प्रमाण) म्हणून जे टक्के छापलेले असतात ते यांच्यावरूनच काढलेले असतात. साखरेच्या बाबतीत मात्र हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे एनआयएनने, २०२४ च्या आहार-सूचनांमध्ये दिवसाला २५ ग्रॅमपर्यंतच थांबा असं सांगितलंय. म्हणून ५० च्या शेजारी लाल पेनने २५ लिहून ठेवा. पाकिटावरचे टक्के ५० वरून काढलेले असल्यामुळे '२०%' दिसलं की मनात ४०% समजायचं.

इशारा: हे आकडे मोठ्या माणसाचे आहेत. सहा वर्षांच्या मुलाची गरज बरीच कमी, पण मुलांच्या बिस्किटाच्या पाकिटावरचे टक्केसुद्धा मोठ्यांच्याच हिशोबाने छापलेले असतात, पुढे कितीही कार्टून असलं तरी.

पायरी १: तारीख, लायसन्स, खूण

हे पटकन उरकायचं. पाकीट उलटं करा. एक्सपायरी किंवा 'यूज बाय' म्हणजे त्या तारखेनंतर खायचं नाही. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्यानंतर चव, कुरकुरीतपणा, वास यांची गॅरंटी कंपनी देत नाही. दोन्ही एकच समजून लोक चांगला माल फेकतात, किंवा उलट, यूज बाय उलटून गेलेलं 'चालतं गं' म्हणून डब्यात भरतात. तारीख तक्त्याजवळ सापडली नाही तर वरच्या नाहीतर खालच्या सीलच्या दातेरी कडेवर शोधा.

एफएसएसएआयचा लायसन्स नंबर १४ आकडी असतो. तो खरा आहे का हे एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर तपासता येतं. मोठ्या ब्रँडला त्याची फारशी गरज पडत नाही, पण सोसायटीच्या एक्झिबिशनमध्ये मिळणारे लाडू, चटण्या, प्रोटीन पावडरी घेताना नक्की बघा. हा नंबर म्हणजे धंदा नोंदवलेला आहे एवढंच, पदार्थ पौष्टिक असल्याचं सर्टिफिकेट नव्हे. हिरवा गोल म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. हिरव्या खुणेचाही तब्येतीशी संबंध नाही. साखर शाकाहारीच असते.

इशारा: पाच-दहा रुपयांच्या अगदी छोट्या पुड्यांवर घटक आणि पोषणाचा तक्ता शोधत बसू नका. ज्या पाकिटाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही त्याला नियमातच सूट आहे, ती माहिती मोठ्या बाहेरच्या पाकिटावर असते. टपरीवर लटकणारी माळ घेताना कळायला मार्ग नसतो, म्हणून त्याच पदार्थाचं मोठं पाकीट एकदा दुकानात उलटून वाचा आणि लक्षात ठेवा.

पायरी २: घटकांची यादी

तक्त्याच्या आधी यादी. इथेच सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण आकडे बघून फसायला होतं पण यादीत पदार्थाचं खरं नाव कळतं.

नियम सोपा आहे: बनवताना जे वजनाने सगळ्यात जास्त घातलंय ते पहिलं, मग त्याहून कमी, असं उतरत्या क्रमाने. पहिले तीन घटक मोठ्याने वाचा. खरंच मोठ्याने, घरातल्यांना ऐकू जाऊ दे. 'नाचणी कुकीज' हातात आहेत आणि पहिले तीन निघाले रिफाइंड व्हीट फ्लोअर, साखर, पामोलिन तेल, तर ती मैद्याची कुकी आहे, नाचणी पाहुणी म्हणून आलीय. पुढच्या बाजूला ज्या घटकाचा गाजावाजा केलाय त्याचं प्रमाण यादीत टक्क्यांत द्यावं लागतं, तो टक्का शोधा. नाचणी १२% असं दिसलं की उरलेले ८८% काय आहेत हा प्रश्न आपोआप पडतो.

रिफाइंड व्हीट फ्लोअर म्हणजे मैदा. आपल्याला हवं असेल तर 'होल व्हीट फ्लोअर' किंवा 'आटा' लिहिलेलं पाहिजे. ब्राऊन ब्रेड नुसता रंगावरून घेऊ नका, यादीत मैदा पहिला आणि खाली कुठेतरी कॅरॅमल कलर, आयएनएस १५० (पदार्थात वरून घातलेल्या रंग वगैरेंना दिलेला आंतरराष्ट्रीय नंबर), असं निघू शकतं.

साखरेची टोपणनावं. हे नीट लक्षात घ्या, कारण इथे क्रमाचाच फायदा उठवता येतो. साखर एकाच नावाने घातली तर यादीत पहिल्या-दुसऱ्या नंबरावर येईल, पण तीच थोडी साखर, थोडं इन्व्हर्ट सिरप, थोडं लिक्विड ग्लुकोज, थोडा मध अशी विभागली की चारही जण यादीत खाली खाली सरकतात आणि वर ओट्स दिसायला लागतात. डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप, कॉर्न सिरप, फ्रुक्टोज, गूळ, खजूर सिरप, फ्रूट ज्यूस कॉन्सन्ट्रेट, सगळी एकाच घरातली मंडळी. पेन्सिलने प्रत्येकाखाली रेघ मारा, तीन रेघा झाल्या की समजायचं हा गोड पदार्थच आहे, 'ब्रेकफास्ट' लिहिलेलं असलं तरी. गुळाबद्दल लोक फार हळवे असतात, पण ॲडेड शुगर मोजताना गूळसुद्धा धरायचा. माल्टोडेक्स्ट्रिन हा वेगळा प्रकार, तो तक्त्यात साखरेच्या रकान्यात येत नाही, कार्बोहायड्रेटमध्ये जातो, पण रक्तातली साखर भराभर वाढवतो, म्हणून डायबेटिसवाल्यांनी यादीतच पकडायचा.

तेल: 'एडिबल व्हेजिटेबल ऑइल' म्हटलं की पुढे तेलाचं नाव बघा. पाम किंवा पामोलिन असेल तर सॅच्युरेटेड फॅटचा आकडा तिसऱ्या पायरीत जपून बघायचा. 'हायड्रोजनेटेड' शब्द दिसला तर पाकीट परत ठेवून दिलेलं बरं, माझं तरी हेच मत आहे.

आयएनएस नंबर: व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीमुळे लोक कुठलाही नंबर दिसला की घाबरतात. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबाचा आंबटपणा. ३०० म्हणजे व्हिटॅमिन सी. ५०० म्हणजे खायचा सोडा. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुतेक वेळा सोयाचं. हे काही राक्षस नाहीत. लक्ष द्यायचं ते ६२१ कडे (अजिनोमोटो, ज्यामुळे सोडियमही वाढतं), आणि ९५०, ९५१, ९५५ कडे, हे कृत्रिम गोडवा देणारे. 'शुगर फ्री' पदार्थ मुलांना देण्याआधी हे तीन नंबर शोधाच. १०२ म्हणजे टार्ट्राझिन, पिवळा रंग.

ॲलर्जी असणाऱ्यांनी यादीनंतरची 'कन्टेन्स' ने सुरू होणारी ओळ वाचायची. ग्लुटेनवाली धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोया, सल्फाइट, हे तिथे जाहीर करावं लागतं.

तपासा: आता तुम्हाला पदार्थाचं खरं नाव एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. 'मैदा-साखर-पामतेलाचं बिस्किट, थोडी नाचणी घातलेलं.' सांगता येत नसेल तर यादी परत वाचा, पुढे जाऊ नका.

पायरी ३: तक्ता, आणि त्यातला १०० ग्रॅमचा रकाना

तक्त्यात साधारण दोन रकाने असतात. एक १०० ग्रॅम किंवा १०० मिलीला किती, आणि दुसरा एका सर्व्हिंगला (कंपनीने धरलेलं एका वेळचं खाणं) किती किंवा त्याचे आरडीएचे टक्के. दोन पाकिटांची तुलना करायची ती फक्त १०० ग्रॅमच्या रकान्याने. सर्व्हिंग प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ठरवते. एकाची २० ग्रॅम, दुसऱ्याची ३५, मग २० वाला गरीब बिचारा दिसतो.

वाचायचा क्रम असा ठेवा: सोडियम, ॲडेड शुगर, सॅच्युरेटेड फॅट, ट्रान्स फॅट. मग फायबर दिलं असेल तर ते आणि प्रोटीन. कॅलरी सगळ्यात शेवटी. कॅलरीने सुरुवात केली की शेंगदाणे वाईट आणि डाएट कोल्ड्रिंक चांगलं असा उलटाच निकाल लागतो.

सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, बाकी बरंचसं ग्रॅममध्ये, ही गल्लत फार होते. मीठ किती हे काढायला सोडियमला अडीचने गुणा आणि हजाराने भागा. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. सीवूड्स नाहीतर वाशीच्या मॉलमध्ये बाहेरून आलेल्या पाकिटांवर कधीकधी थेट मिठाचे ग्रॅम लिहिलेले असतात, तिथे अडीचने गुणू नका, ते आधीच मीठ आहे. आणि ऊर्जा किलोज्यूलमध्ये असेल तर ४.२ ने भागा म्हणजे किलोकॅलरी मिळतील.

टोटल शुगर आणि ॲडेड शुगर वेगळ्या. साध्या दह्यात दुधाची स्वतःची साखर असते म्हणून टोटल शुगरमध्ये ४-५ ग्रॅम दिसेल आणि ॲडेड शून्य, ते ठीकच आहे. आंब्याच्या फ्लेवरच्या दह्यात टोटल १४ आणि ॲडेड १० असेल तर दह्याच्या स्वतःच्या साखरेपेक्षा वरून घातलेली साखर जास्त. डायबेटिस असेल तर फक्त साखरेवर थांबू नका, टोटल कार्बोहायड्रेटही बघा, कारण मैदा साखरेच्या रकान्यात येत नाही.

किती म्हणजे जास्त? आपल्याकडे पुढच्या बाजूला लाल-हिरवी खूण सक्तीची नाही, २०२२ मध्ये स्टार रेटिंगचा मसुदा आला होता पण पाकिटावर तुम्हाला तो दिसत नाही. तोवर ब्रिटनच्या ट्रॅफिक-लाइट पद्धतीचे लाल रंगाचे आकडे वापरायला सोपे जातात. तिथे १०० ग्रॅममध्ये साखर २२.५ ग्रॅमच्या वर, एकूण फॅट १७.५ च्या वर, सॅच्युरेटेड ५ च्या वर, मीठ दीड ग्रॅमच्या वर, म्हणजे सोडियम ६०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की लाल. एक लाल असेल तर प्रमाण सांभाळायचं, तीन असतील तर तो सणासुदीचा पदार्थ.

ट्रान्स फॅट शून्य बघून खूश होऊ नका. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातलं ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत ठेवणं बंधनकारकच आहे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी हा आकडा छोटाच दिसतो. सॅच्युरेटेड त्याच पाकिटात १५ असू शकतं.

पायरी ४: आपण खरंच खातो तेवढ्याचा हिशोब

ही पायरी सगळे गाळतात. वजनकाटा याच्यासाठीच आणला. पाकिटावर सर्व्हिंग ३० ग्रॅम लिहिलंय, तर ३० ग्रॅम फरसाण वाटीत काढून बघा, आणि मग आपण मिसळीवर जेवढं घालतो तेवढं घाला आणि परत वजन करा. ठाण्यातला माणूस मिसळीवर ३० ग्रॅम फरसाण घालून थांबला असं कधी होत नाही.

समजा तुमच्या फरसाणाच्या पाकिटावर १०० ग्रॅमला फॅट ३८ ग्रॅम आणि सोडियम ९०० मिलिग्रॅम आहे आणि तुमची वाटी भरली ६० ग्रॅमची. ३८ ला ०.६ ने गुणा, जवळपास २३ ग्रॅम फॅट, म्हणजे दिवसाच्या ६७ मधला तिसरा हिस्सा गेला. सोडियम ५४० मिलिग्रॅम. अजून रस्सा, पाव, तर्री यांचं मोजलेलंच नाही.

नूडल्स: पाकीट ७० ग्रॅमचं, सोडियम १०० ग्रॅमला समजा १२०० मिलिग्रॅम. ७० ग्रॅमला ८४० झालं, मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ४२%. आठ वर्षांच्या मुलाने अख्खं पाकीट खाल्लं तर त्याच्या वाट्याचं केवढं झालं बघा. मसाल्याची पुडी अर्धीच घालायची आणि गाजर, मटार, अंडं टाकून वाढवायचं, हा साधा उपाय इथे खरोखर चालतो कारण बरंचसं मीठ त्या पुडीतच असतं.

बाटलीबंद सरबत किंवा कोल्ड्रिंक: १०० मिलीला ११ ग्रॅम साखर हा आकडा बघायला छोटा वाटतो. २५० मिलीची बाटली म्हणजे २७.५ ग्रॅम, चहाचे साडेपाच चमचे, लाल पेनने लिहिलेला २५ एका बाटलीत संपला.

आणि चहा-बिस्किट. समजा बिस्किटात १०० ग्रॅमला २४ ग्रॅम ॲडेड शुगर आहे आणि चार बिस्किटांचं वजन २५ ग्रॅम भरलं, तर साखर झाली ६ ग्रॅम. ठीक वाटतंय ना? पण चहात प्रत्येक कपाला दोन चमचे साखर, दिवसाला दोन कप, तिथेच २० ग्रॅम. बिस्किटाचं लेबल वाचून वाचून डोळे दुखवायचे आणि साखरेच्या डब्याकडे बघायचंच नाही, हे होऊ देऊ नका. लेबल नसलेली साखर आणि मीठसुद्धा त्याच कागदावर मांडायचं, पापड आणि लोणच्यासकट.

तपासा: एका दिवसाचा एकाच माणसाचा हिशोब पूर्ण करून बघा. सगळ्या घराचा एकदम करायला जाऊ नका, दुसऱ्या दिवशी कंटाळून सोडून द्याल.

पायरी ५: आता पुढची बाजू

आता पाकीट सरळ करा. मागचं वाचून झालंय, त्यामुळे पुढचे दावे आता वेगळे दिसतात. काही शब्दांना एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांत पक्के आकडे आहेत, ते पाठ असले की बरं:

- शुगर फ्री: १०० ग्रॅम किंवा मिलीला साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नाही
- लो शुगर: १०० ग्रॅमला ५ ग्रॅमपर्यंत, पेय असेल तर १०० मिलीला २.५
- लो फॅट: १०० ग्रॅमला ३ ग्रॅमपर्यंत, पेय असेल तर १.५
- लो सोडियम: १०० ग्रॅमला १२० मिलिग्रॅमपर्यंत
- फायबरचा स्रोत: १०० ग्रॅमला किमान ३ ग्रॅम, आणि 'हाय फायबर' म्हणायला ६

बाकीचे शब्द गोड आहेत, पण पोकळ. 'लाइट', 'फिट', 'नॅचरल', 'आजीच्या चवीचं', यांच्यावरून काहीच ठरवू नका. 'कोलेस्टेरॉल फ्री' तेल म्हणजे गंमतच, कुठल्याही शेंगदाणा, सूर्यफूल, करडई तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, ते प्राण्यांपासून येतं. 'बेक्ड, नॉट फ्राइड' चिप्सचं सोडियम बघा. 'नो ॲडेड शुगर' ज्यूसची टोटल शुगर बघा. 'शुगर फ्री' चॉकलेटचं फॅट बघा.

फळांच्या ज्यूसबद्दल थोडं जास्त, कारण घरोघरी आजारी माणसाला भेटायला जाताना हाच खोका नेला जातो. एनआयएनने २०२४ मध्ये सरळ सांगितलं की फळाचा भाग १०% किंवा त्याहूनही कमी असलेल्या पदार्थावर फळाच्या गरापासून बनवलंय असं लिहिता येतं. त्याच वर्षी जूनमध्ये एफएसएसएआयने '१०० टक्के फ्रूट ज्यूस' हा दावा लेबल आणि जाहिरातींवरून काढायला सांगितला, कारण असल्या ज्यूसचा मुख्य घटक पाणी असतो, कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी घालून ते बनवलेलं असतं. त्याआधी एप्रिलमध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना दुधा-माल्टाच्या पावडरी 'हेल्थ ड्रिंक'च्या विभागातून काढायला सांगितलं होतं, कारण कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचा प्रकारच नाही. त्यामुळे पुन्हा तो शब्द कुठे दिसला तर पाकीट उलटं करायचं.

इशारा: 'डायबेटिक फ्रेंडली' पाहून आजोबांच्या बिस्किटांचं प्रमाण दुप्पट होतं, हे घराघरात दिसतं. ४ च्या जागी ८ खाल्ली तर कुठल्याही बिस्किटाचा फायदा संपला.

पायरी ६: दोनातून एक निवडा, सगळं फेकू नका

इथे उत्साहात चुका होतात. लेबल वाचायला शिकलेला माणूस पहिल्या आठवड्यात अख्खं कपाट रिकामं करतो, सासूबाई चिडतात, पोरं शेजारी जाऊन खातात, आणि महिन्याभरात सगळं परत जागेवर. एका महिन्यात एकच पदार्थ बदला. तोही असा जो रोज खाल्ला जातो, वर्षातून दोनदा येणारा नाही. दिवाळीच्या चकलीला सोडून द्या, रोजच्या ब्रेडकडे बघा.

घरात बीपी असेल तर दोन पाकिटांत सोडियम कमी ते उचला आणि बाकी आकड्यांवर वाद घालू नका. शुगर असेल तर ॲडेड शुगर आणि कार्बोहायड्रेट. कोलेस्टेरॉलचं टेन्शन असेल तर सॅच्युरेटेड. सगळ्याच रकान्यांत जिंकणारं पाकीट शोधत बसलात तर रॅकपाशीच उभे राहाल. निवडलेल्या पाकिटाचा मागचा फोटो 'किराणा' नावाच्या अल्बममध्ये टाका, पुढच्या वेळी कामवाल्या मावशी किंवा मुलगा दुकानात गेला तरी तेच येईल.

ॲपवरून दहा मिनिटांत मागवणाऱ्यांनी प्रॉडक्टचे फोटो सरकवत मागच्या बाजूपर्यंत जायचं. मागचा फोटोच नसेल तर ते पाकीट पहिल्यांदा दुकानातून आणा. शिवाय कंपन्या रेसिपी बदलतात, पाकिटाचा रंग किंवा 'न्यू' असं काही दिसलं की परत एकदा मागे बघा.

पायरी ७: लेबल नसलेलं काय?

जांभळी नाक्यावरून सुटे पोहे, शेव, कुरमुरे, खारे दाणे येतात, बेकरीतून खारी-टोस्ट येतात, त्यांना लेबल नाही. इथे दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: तेल कुठलं, आणि कधी बनवलं. खारीबद्दल फार आशा ठेवू नका. तिचे पापुद्रे सुटतात तेच फॅटमुळे, आणि स्वस्त खारीत ते फॅट लोण्याचं नसतं. मोठ्या चेनच्या हॉटेलात मात्र मेनूवर कॅलरी बघा, १० किंवा जास्त शाखा असलेल्यांना जुलै २०२२ पासून त्या लिहाव्या लागतात. सुट्या मालाचा अंदाज हवा असेल तर तशाच पॅकबंद पदार्थाचं लेबल धरून चाला, फार चुकणार नाही.

पायरी ८: गडबड दिसली तर

तारखेवर दुसरा स्टिकर मारलेला, लायसन्स नंबरच नाही, हिरवी खूण आणि यादीत अंडं, असं काही दिसलं तर दुकानदाराशी भांडून वेळ घालवू नका. आधी चार फोटो काढा: पुढची बाजू, मागचं पूर्ण लेबल, तारीख-बॅच नंबरची जागा, आणि बिल. मग फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर तक्रार टाका किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. एफडीएचं, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं, कोकण विभागाचं ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला आहे, तिथे लेखी अर्जही देता येतो.

बॅच नंबर नसला की तक्रार अडकू शकते, आणि तो बरेचदा असतो नेमका त्या सीलच्या पट्टीवर जी आपण कात्रीने कापून पहिल्यांदा कचऱ्यात टाकतो. पाकीट खालून नाहीतर बाजूने फाडा, तारखेची कड शाबूत ठेवा, आणि तक्रारीचं उत्तर येईपर्यंत ते रिकामं पाकीट आणि बिल एकत्र पिन मारून ठेवा.